ज्याला देणंघेणं नाही, त्याला आस्थाही नाही?

१८५२ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे, एक अपील आलं. डाइम्स नावाच्या जमीनमालकाचा ग्रँड जंक्शन कॅनॉल या कालवा कंपनीशी कित्येक वर्षं वाद चालू होता. कंपनीच्या बाजूने झालेला हुकूम लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तिथले वरिष्ठ न्यायाधीश, कॉटनहॅम यांनी कायम केला होता. मग उघडकीला आलं, की कॉटनहॅम यांच्याकडे त्याच कंपनीचे शेअर होते. लॉर्ड्सनी त्यांचा हुकूम रद्द केला. पण रद्द करताना लॉर्ड कॅम्पबेल यांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली : या शेअरमुळे कॉटनहॅम यांच्या मनावर तिळमात्रही परिणाम झाला असेल, असं कोणी समजणार नाही, तरीही स्वतःच्या दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व पवित्र मानलं गेलंच पाहिजे. त्यानंतर लॉर्ड्सनी खालच्या न्यायाधीशाचा मूळ निकाल गुणदोषांवर तपासला आणि तो योग्य ठरवला. म्हणजे शेवटी जिंकली कालवा कंपनीच. तरी कॉटनहॅम यांचा हुकूम उभा राहिला नाही तो नाहीच.

कॉटनहॅम यांना त्या खटल्यात किती रस होता, हे कोणी विचारलं नाही. त्यांनी कागद मन लावून वाचले की वरवर चाळले, हाही प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच होता, की या वादाच्या निकालाने त्यांचं स्वतःचं काही कमीजास्त होणार होतं का. होणार होतं. इंग्रजीत या दोन वेगळ्या प्रश्नांसाठी दोन वेगळी विशेषणं आहेत. ज्याचा एखाद्या बाबीत हितसंबंध गुंतलेला नाही तो ‘डिसइंटरेस्टेड’. ज्याला त्या बाबीत रसच नाही तो ‘अनइंटरेस्टेड’. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा असावा लागतो आणि दुसऱ्या प्रकारचा असून चालत नाही. कॉटनहॅम पहिल्या कसोटीला उतरले नाहीत. दुसरी कोणी लावलीच नाही.

आता अडचण अशी, की आजच्या इंग्रजीत पहिला शब्द सर्रास दुसऱ्याच्या जागी वापरला जातो. वर्गात लक्ष न देणारा विद्यार्थी ‘डिसइंटरेस्टेड’, मतदानाला न जाणारा मतदार ‘डिसइंटरेस्टेड’, चित्रपट अर्धा सोडून उठणारा प्रेक्षकही ‘डिसइंटरेस्टेड’. शब्दकोश दोन्ही अर्थ नोंदवतात आणि ते बरोबरच करतात, कारण जे चालतं ते नोंदवणं हेच त्यांचं काम. पण जे इंग्रजी शिकवतात, संपादित करतात, इंग्रजीतून आपल्या भाषेत आणतात, त्यांनी काय करायचं? फरक धरून ठेवायचा की जाऊ द्यायचा? माझं मत, धरून ठेवायचा, आणि थोडी चिकाटी दाखवून धरून ठेवायचा. मात्र त्यासाठी नेहमी दिलं जाणारं कारण मला मान्य नाही.

नेहमीचं कारण असं : मूळ अर्थ हा होता, अडाणी लोकांनी तो बिघडवला. इतिहास याला साक्ष देत नाही. सतराव्या शतकात ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द इंग्रजीत अगदी सुरुवातीला सापडतो तो ‘रस नसलेला’ याच अर्थाने, आणि तोही जॉन डनसारख्या कवीच्या लेखणीतून. उलट ‘अनइंटरेस्टेड’ त्याच शतकात ‘निष्पक्ष’ या अर्थाने वापरला जात होता. म्हणजे दोघांच्या जागा आजच्या नेमक्या उलट होत्या. पुढे शंभरेक वर्षांत त्यांची अदलाबदल झाली. १७५५ च्या जॉन्सनच्या कोशात ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे खाजगी लाभाच्या वर उठलेला, असा अर्थ आलेला आहे. तेव्हा ज्याला ‘मूळ अर्थ’ म्हणून मिरवायचं आहे त्याने आपला दावा मागे घ्यावा. हा फरक निसर्गदत्त नाही. लोकांना त्याची गरज पडली म्हणून त्यांनी तो घडवला. माझ्या दृष्टीने त्याची किंमत यामुळे वाढते. वारशाने आपोआप मिळालेल्या गोष्टीपेक्षा गरजेपोटी घडवलेली गोष्ट टाकून देताना दहा वेळा विचार करावा.

गरज का पडली, ते ‘इंटरेस्ट’ या शब्दाकडे पाहिलं की कळतं. लॅटिनमध्ये त्याचं मूळ ‘मध्ये असणं’ या अर्थाचं. इंग्रजीत तो आला तो कायद्याच्या आणि व्यवहाराच्या वाटेने : मालमत्तेतला हक्क, वाटा, नुकसानीची भरपाई, आणि मग उधार दिलेल्या पैशावरची वाढ. मनाला वाटणारं कुतूहल हा अर्थ बराच नंतर चिकटला. म्हणजे एकाच शब्दाच्या पोटात वाटा, वाढ आणि कुतूहल अशा तीन गोष्टी. मराठीत या तिन्हींना आपण स्वतंत्र घरं दिली आहेत : हितसंबंध, व्याज आणि रस. म्हणूनच ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ यांचा घोळ मराठी माणसाला एका वाक्यात समजावता येतो. एकाला हितसंबंध नाही, दुसऱ्याला रस नाही. संपलं.

जाता जाता एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे निमित्त, सोंग, कपट. वरून स्तुती आणि आतून निंदा असते ती व्याजस्तुती. त्यामुळे ‘निर्व्याज प्रेम’ म्हणजे ज्यात छुपा हेतू नाही असं प्रेम. कर्जावरच्या व्याजाशी त्याचा थेट संबंध नसेल. पण मराठी कान ‘निर्व्याज’ ऐकतो तेव्हा परतफेडीची अपेक्षा नसलेलं प्रेम, असाही अर्थ त्याला ऐकू येतो. इंग्रजीतलं ते अवघड विशेषण ज्या ठिकाणी बोट ठेवू पाहतं, त्याच्या अगदी जवळ आपण एका शब्दात पोचतो.

पण इथे आपली पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही. इंग्रजी शब्दांची जी घसरण झाली तीच आपल्याकडेही झाली आहे, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

‘मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.’ शब्दशः वाचलं तर हे हिशेबाचं वाक्य आहे : माझं त्याच्याकडे काही येणं नाही, त्याचं माझ्याकडे काही देणं नाही, आमचं खातं कोरं आहे. खरं तर अशाच माणसाने दोघांच्या भांडणात निवाडा द्यायला बसावं. पण आपण हे वाक्य कधी म्हणतो? ‘त्याचं काही होवो, मला पर्वा नाही’ असं सांगायचं असतं तेव्हा. दुसरा शब्द ‘सोयरसुतक’. जन्माचं सोयर, मृत्यूचं सुतक. दोन्ही ज्याला लागत नाहीत तो नात्यात नाही, एवढीच मुळातली माहिती. आज ‘त्याला कशाचं सोयरसुतक नाही’ हा सरळ निर्दयपणाचा आरोप आहे. संबंध नसणं म्हणता म्हणता आपण काळीज नसणं म्हणू लागलो.

तिसरं उदाहरण सगळ्यात बोलकं. ‘उदासीन’ हा शब्द फोडला तर ‘वर, बाजूला बसलेला’. कौटिल्याच्या राजमंडलात उदासीन हा एक मोठा खेळाडू आहे : विजिगीषू (जिंकायला निघालेला राजा), त्याचा शत्रू आणि मध्यम (त्या दोघांच्या मधला राजा) या सगळ्यांच्या पलीकडे असलेला आणि त्यांच्याहून बलवान राजा. त्याचा या भांडणात भाग नाही, म्हणून तर बाकीच्यांना त्याच्याकडे डोळे लावून बसावं लागतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात सुहृद, मित्र, शत्रू यांच्या रांगेत उदासीन आणि मध्यस्थ हे दोघे वेगवेगळे मोजले आहेत. आणि बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना ‘अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः’ असं म्हटलं आहे. ‘दक्ष’ आणि ‘उदासीन’ शेजारी शेजारी बसलेले पाहा! आजच्या मराठीत हे दोन शब्द एका माणसाला लावले तर वाचक छपाईची चूक समजेल. कारण आपल्यासाठी उदासीन म्हणजे ढिम्म, बेफिकीर. ‘प्रशासन उदासीन’, ‘मतदारांची उदासीनता’. वर, त्याला ‘उदास’ची सावली पडून तो थोडा खिन्नही झाला आहे. जो शब्द एके काळी दक्षतेच्या शेजारी शोभत होता तो आता तिच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसला.

दोन भाषा, एकमेकींशी न बोलता, एकाच उतारावरून घसरल्या. त्यामुळे ही अडाणीपणाची गोष्ट नाही असं मला वाटतं. उतार आपल्या मनातच आहे. आपण मानून चालतो, की ज्याला काही मिळायचं नाही तो लक्ष तरी कशाला घालेल. आणि एकदा हे मानलं की त्याची दुसरी बाजूही नकळत मानली जाते : जो लक्ष घालतोय त्याला काहीतरी मिळत असणार. पहिल्या गृहीतकामुळे तटस्थ माणूस थंड ठरतो. दुसऱ्यामुळे तळमळीचा माणूस संशयित ठरतो. माहिती मागणारा, चौकशी लावून धरणारा, पाठपुरावा करणारा कोणीही उभा राहिला की पहिला प्रश्न येतो, ‘याचा यात काय फायदा?’ हा प्रश्न विचारायला हरकत नाही. कधीकधी तो विचारलाच पाहिजे. पण त्याला ‘काहीच नाही’ असं खरं उत्तर असू शकतं, ही शक्यताच जर भाषेतून पुसली गेली, तर प्रश्न हा प्रश्न राहत नाही, तो निकाल होतो.

रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४२ साली विज्ञानाच्या व्यवहाराची काही मूल्यं मांडली. त्यांत एक ‘डिसइंटरेस्टेडनेस’ होतं. या शब्दाचा ‘रस नसणं’ असा अर्थ लावला तर सगळंच हास्यास्पद होईल. संशोधनाइतका रस लागणारा दुसरा उद्योग क्वचितच असेल. मर्टनचं म्हणणं अधिक सूक्ष्म होतं. वैज्ञानिक हे इतरांपेक्षा सज्जन असतात असा दावा त्याने केला नाही. त्याने बोट ठेवलं ते व्यवस्थेवर : तुमचा निष्कर्ष दुसरे तपासणार आहेत, त्यामुळे स्वतःच्या सोयीचा निष्कर्ष काढणं तिथे सहज पचत नाही. हितसंबंधापासूनचं अंतर हे मनाच्या शुद्धतेवर सोपवायचं नसतं. रचना करून ते राखायचं असतं. औषधांवर शोधनिबंध लिहिणाऱ्यांना आज वैद्यकीय नियतकालिकं कोणत्या कंपनीकडून पैसे मिळाले ते जाहीर करायला लावतात, तेही याच विचाराने. त्या लेखकांना विषयात रस आहे याबद्दल कोणालाच शंका नसते.

इथे मला सर्वांत वजनदार आक्षेपाचं उत्तर द्यायचं आहे. इंग्रजीचे जाणकार म्हणतात, एक शब्द गेला तर गेला. ‘इम्पार्शियल’ आहे, ‘अनबायस्ड’ आहे, त्यांनी भागवा. मराठीतही कोणी म्हणेल, ‘निष्पक्ष’ आहे ना! पण हे शब्द तीच गोष्ट सांगत नाहीत. निष्पक्ष असणं ही मनाची स्थिती आहे. हितसंबंध नसणं ही माणसाच्या जागेबद्दलची वस्तुस्थिती आहे. पहिलीबद्दल आपण फक्त अंदाज बांधू शकतो. दुसरी कागदावर तपासता येते : शेअरची नोंदवही, मृत्युपत्र, पगारपत्रक, नातेसंबंध. कॉटनहॅम निष्पक्ष होते, असं तर त्यांचा हुकूम रद्द करणारेच म्हणाले! जर आपल्याजवळ ‘निष्पक्ष’ एवढाच शब्द असता तर तो हुकूम रद्द करायला कारणच सापडलं नसतं.

अमेरिकेतलं १९२७ चं टूमी प्रकरण याहून उघड आहे. ओहायोतल्या एका छोट्या गावात दारूबंदीच्या खटल्यांचा न्यायनिवाडा महापौर करत असे. आरोपी दोषी ठरला तर त्या खटल्याच्या खर्चापोटी महापौराला स्वतःला पैसे मिळत. आरोपी सुटला तर काही नाही. टूमीला १०० डॉलर दंड झाला आणि त्या एका प्रकरणात महापौराच्या पदरात १२ डॉलर पडले. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. १२ डॉलरसाठी महापौराने खोटा निवाडा दिला, असं कोणी सिद्ध केलं नव्हतं, आणि करण्याची गरजही पडली नाही. कोणाच्या मनात शिरून पाहायचं नव्हतं; पैशाची वाट कुठे जाते एवढंच पाहायचं होतं. ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द सत्तेवरच्या माणसाच्या चारित्र्यावर शिंतोडे न उडवता त्याला बाजूला व्हायला सांगण्याची सोय करतो. सार्वजनिक जीवनात ही फार मोठी सोय आहे. ती नसेल तर प्रत्येक आक्षेप हा अप्रामाणिकपणाचा आरोप होतो, आणि अप्रामाणिकपणाचा आरोप पुराव्याअभावी पडला की आक्षेपही पडतो. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ या भावनिक प्रश्नापुढे कित्येक बैठका गप्प बसलेल्या मी पाहिल्या आहेत. विश्वास आहे, पण तुमचा वाटा आहे, म्हणून तुम्ही बाहेर थांबा, असं म्हणायला शब्द लागतो.

दुसरा आक्षेप संदर्भाचा. वाक्यातून अर्थ कळतोच, मग गोंधळ कुठे? बहुतेक वेळा कळतो, हे मी मान्य करतो. नंतर ‘इन’ हे अव्यय आलं की तिथे बहुधा ‘रस नसलेला’ हाच अर्थ असतो. न्यायाधीश, साक्षीदार, संचालक, सल्ला यांच्या आधी शब्द आला की बहुधा दुसरा. आणखी एक कबुली द्यायला हवी. इंग्रजीत रस नसण्यासाठी सुटसुटीत नाम नाही. ‘अनइंटरेस्ट’ कोणी म्हणत नाही, म्हणून ‘डिसइंटरेस्ट’ त्या कामाला जुंपलं जातं, आणि नामाच्या मागून विशेषणही घसरतं. शिवाय ‘डिस’ या उपसर्गात काहीतरी असलेलं गमावल्याची छटा आहे, त्यामुळे आधी रस होता आणि आता उडाला, हे सांगायला लोकांना तो जवळचा वाटतो. ही सगळी कारणं खरी आहेत. पण जिथे संदर्भ मदत करत नाही ती वाक्यं कोणती? ‘समितीने या प्रश्नाकडे डिसइंटरेस्टेड दृष्टीने पाहिलं.’ ‘तो एक डिसइंटरेस्टेड निरीक्षक होता.’ हे कौतुक आहे की तक्रार? नेमकी जिथे माणसाच्या वागण्याचं मूल्यमापन चाललेलं असतं तिथेच संदर्भ हात वर करतो.

याचा अर्थ इंग्रजीतल्या प्रत्येक जोडीसाठी कंबर कसावी असं मी म्हणत नाही. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ ज्वलनशील. त्यांतला ‘इन’ लोकांना नकार वाटतो आणि टँकरवरची सूचना उलटी वाचली जाण्याचा धोका राहतो. तिथे जुना शब्द सोडून देणं हेच शहाणपण, आणि आगीपासून बचावाचं काम करणाऱ्या संस्थांनी विसाव्या शतकात तेच केलं. ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ यांत चूक झाली तर फार तर वाक्य बेढब होतं. परीक्षेत गुण कापण्यासाठी अशा जोड्या पाठ करून घेणं मला वेळेचा अपव्यय वाटतो. फरक पुसला गेल्याने एखादी कल्पना बेघर होते का, एवढंच मी पाहतो. ‘डिसइंटरेस्टेड’च्या बाबतीत ती होते.

आणखी एक बाजू आहे आणि ती मला मनापासून पटते. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं.’ ज्याचं काहीच पणाला लागलेलं नाही त्याला दुखणं कितपत समजणार? अलिप्ततेची थोरवी गाणारे पुष्कळदा सुखात बसलेले असतात, आणि होरपळलेल्याला ‘तुम्ही तटस्थ नाही’ म्हणून गप्प केलं जातं. हा अन्याय खरा आहे. पण बारकाईने पाहिलं तर तोही याच दोन अर्थांच्या गोंधळातून होतो. हितसंबंध असल्यामुळे माणूस निवाडा देण्याला अपात्र ठरतो, बोलायला नाही. ज्याचं जळतं त्याने साक्ष द्यावी, भरपूर द्यावी, आणि ज्याचं जळत नाही त्याने ती जीव ओतून ऐकावी. निवाडा देणाऱ्याकडून आपण मागतो ते हेच : तुझं यात काही नसू दे, पण तुझं लक्ष पूर्ण असू दे. या दोन मागण्या एका श्वासात करता याव्यात म्हणून दोन शब्द हवेत.

भाषांतर करताना हा शब्द समोर आला की मी ‘उदासीन’कडे जात नाही, ते दार आता बंद झालं आहे. ‘निःस्वार्थ’ही टाळते, कारण त्यात गुणगान आहे. स्वार्थाचा मोह समोर असून तो बाजूला सारणारा तो निःस्वार्थ. ज्याच्यासमोर मोहाचं कारणच नाही त्याला ते बिरुद कशाला? ‘त्रयस्थ’ मला सगळ्यात जवळचा वाटतो. दोन्ही पक्षांतला नसलेला, तिसरा. त्याची धार अजून शाबूत आहे, जरी ‘त्रयस्थपणे बघत राहिला’ या वापरात तोही हळूहळू त्या जुन्या उतारावर पाय ठेवतोय. कायद्याचा किंवा वैद्यकाचा मजकूर असेल तर मी सरळ ‘ज्याचा यात हितसंबंध नाही असा’ लिहिते. चार शब्द जास्त जातात, जाऊ देत.

इंग्लंडच्या १८३७ च्या मृत्युपत्र कायद्यात साक्षीदारांसाठी एक कलम आहे. मृत्युपत्रावर साक्षीची सही करणाऱ्याला किंवा त्याच्या जोडीदाराला त्याच मृत्युपत्राने काही दिलेलं असेल, तर मृत्युपत्र टिकतं, पण ती देणगी बाद होते. सही करणाऱ्याने मृत्युपत्र वाचावं, त्यात रस घ्यावा, अशी कायद्याची अपेक्षा नाही. मरणाऱ्या माणसाशी त्याची ओळखही नसली तरी चालते. त्याला शेजारच्या खोलीतून हाक मारून बोलावलेलं असतं, हातातलं काम अर्धं टाकून तो आलेला असतो, सही करतो आणि जांभई देत परत जातो. त्याच्या जांभईला कायद्याची हरकत नाही. त्या कागदात त्याचं नाव कुठे आहे का, एवढंच पाहिलं जातं.